सिस्टीमचं मॉडेल वापरून चालू हल्ला ओळखणं आणि सावरणं: सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न मला असा समजला. ऑर्डर घेणारी एक ऑनलाइन सेवा आहे, तिचे सहा भाग आहेत: गेटवे (बाहेरच्या विनंत्या आधी घेणारा भाग), लॉगिन, ऑर्डर, पेमेंट, स्टॉक आणि डेटाबेस. सगळं कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या वेगळ्या बंदिस्त डब्यांत चालतं, आणि हे डबे कुबरनेटीस नावाची व्यवस्था सांभाळते. फायरवॉल आहे, ओळखीच्या हल्ल्यांच्या सिग्नेचर, म्हणजे ओळखखुणा, आहेत. आता सिस्टीमचं मॉडेल, म्हणजे ती कशी वागायला हवी याचं वर्णन, सोबत ठेवून हल्ला चालू असतानाच तो ओळखायचा आणि सिस्टीमने स्वतः सावरायचं, हे प्रत्यक्षात जमतं का, असं तुम्ही विचारताय. आणि खोट्या इशाऱ्यावर सिस्टीम स्वतःलाच बंद पाडेल, अशी तुम्हाला भीती आहे.

जमतं. भीतीही रास्त आहे, तिच्याकडे पुढे येतो. पण यात दोन वेगळे प्रश्न गुंतलेत. ओळखणं म्हणजे 'असायला हवं ते' आणि 'दिसतंय ते' यांची तुलना. हा भाग तुलनेने सोपा. सावरण्यासाठी मात्र 'काय बिघडलं' एवढं कळून भागत नाही, 'आता कशावर विश्वास ठेवायचा' हे ठरवावं लागतं. बहुतेक जण पहिल्या भागावर सगळी ताकद घालवतात आणि दुसऱ्यासाठी 'रीस्टार्ट' एवढंच लिहून ठेवतात.

आधी सिग्नेचरपेक्षा हे वेगळं कसं ते पाहू. सिग्नेचर हल्ला कसा दिसतो ते सांगते, मॉडेल तुमची सिस्टीम कशी वागते ते सांगतं. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतलं भगदाड उघड झालं. लॉगमध्ये एक विशिष्ट मजकूर गेला की लायब्ररी हल्लेखोराच्या सर्व्हरकडे जाऊन तिथला कोड आणून चालवू शकत होती. फिल्टर त्या मजकुरातली ठरावीक अक्षरं शोधायचे, हल्लेखोर ती अक्षरं तुकडे करून, एकात एक गुंफून पाठवायचे, आणि फिल्टर चुकायचे. आता मॉडेलमधली दोन वाक्यं बघा: 'ऑर्डर सेवा बाहेरच्या पत्त्याशी कधी जोडणी करत नाही' आणि 'जावाची प्रोसेस कधी शेल (आज्ञा चालवणारा प्रोग्राम) उघडत नाही'. मजकूर कसाही लपवला तरी हल्ल्याला पुढे जाण्यासाठी यातलं एखादं वाक्य मोडावंच लागतं, आणि ही वाक्यं लिहायला ते भगदाड आधीपासून माहीत असण्याची गरज नसते.

मॉडेल म्हणजे सादरीकरणातली चौकटी-बाणांची आकृती नव्हे. मशिनला तपासता येतील अशी विधानं हवीत. तुमच्यासारख्या सेवेत मी ती तीन थरांत मांडतो.

पहिला थर जोडण्यांचा. सहा भागांमध्ये दिशा धरून ३० जोड्या होतात. त्यातल्या खरोखर लागणाऱ्या मोजा: गेटवेकडून लॉगिन आणि ऑर्डरकडे, ऑर्डरकडून पेमेंट आणि स्टॉककडे, आणि लॉगिन, ऑर्डर, पेमेंट, स्टॉक या चौघांकडून डेटाबेसकडे. झाल्या ८. बाहेर जाणारी एकच, पेमेंटकडून बँकेच्या गेटवेकडे. उरलेल्या २२ जोड्या कधीच दिसायला नकोत. इथे सगळ्यांची चूक एकच होते: डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं), घड्याळ जुळवणी, लॉग गोळा करणारा, मेट्रिक्स आणि पासवर्डांची तिजोरी या पाच वाटा लिहायच्या राहतात, आणि पहिल्याच तासात इशाऱ्यांचा पाऊस पडतो. त्या आधी लिहा.

या थरातून एक मोठा फायदा फुकट मिळतो. मॉडेलनुसार जी वाट कधी वापरलीच जात नाही, ती बंद ठेवायला काहीच किंमत पडत नाही. म्हणून त्या २२ जोड्यांवर नुसती नजर ठेवू नका, नेटवर्क धोरणाने (कोण कोणाशी बोलू शकतं याच्या नियमाने) त्या आजच बंद करा. मग बंद वाटेवर कोणी धडक मारली तर तोच इशारा, आणि तो जवळजवळ नेहमी खरा असतो.

दुसरा थर प्रोसेसच्या वागणुकीचा. ही कल्पना जुनी आहे. स्टेफनी फॉरेस्ट आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये युनिक्स प्रोसेसच्या सिस्टीम कॉलचे (ऑपरेटिंग सिस्टीमकडे केलेल्या मागण्यांचे) छोटे सलग तुकडे नोंदवून त्यातून त्या प्रोसेसची ओळख बनवली होती. पण २००२ मध्ये वॅग्नर आणि सोटो यांनी दाखवून दिलं, की हल्लेखोर निरुपद्रवी कॉल मध्ये पेरून आपला क्रम नेहमीसारखा भासवू शकतो. त्यामुळे क्रम शिकण्याच्या मागे तुम्ही लागू नका. त्याऐवजी मोजकी, ठाम विधानं लिहा: कंटेनर सुरू झाल्यानंतर नवा प्रोग्राम किती वेळा सुरू होतो (एकच प्रोग्राम असलेल्या कंटेनरमध्ये उत्तर शून्य असायला हवं), लिहिण्यासाठी कोणत्या फोल्डरमधल्या फाइली उघडतात, आणि कोणते सिस्टीम कॉल कधीच लागत नाहीत.

साधनांच्या मर्यादा इथे माहीत हव्यात. सेकॉम्प (लिनक्समधला सिस्टीम कॉल गाळणारा फिल्टर) कॉल होण्याआधीच अडवतो, पण कॉलमध्ये मेमरीचा नुसता पत्ता दिलेला असेल तर तिथला मजकूर, उदाहरणार्थ फाइलचं नाव, वाचू शकत नाही. म्हणजे 'फाइल उघडू नकोस' सांगता येतं, 'ही फाइल उघडू नकोस' सांगता येत नाही. त्यासाठी ॲपआर्मर किंवा एसईलिनक्स, ही लिनक्सची प्रवेश-नियमांची साधनं. फाल्कोसारखं ईबीपीएफवर (लिनक्सच्या गाभ्यात छोटे प्रोग्राम चालवण्याच्या सोयीवर) चालणारं साधन सगळं तपशिलात दाखवतं, पण घटना घडून गेल्यावर. आणखी एक फट आहे. आयओ-युरिंगमधून (लिनक्सला कामं रांगेत टाकून देण्याच्या सोयीतून) केलेली फाइल आणि नेटवर्कची कामं नेहमीच्या सिस्टीम कॉलच्या नोंदीत दिसत नाहीत. तुमची सेवा ते वापरत नसेल तर सेकॉम्पमध्ये ते कॉल बंदच करा.

तिसरा थर डेटाच्या नियमांचा. लोक याला सर्वांत शेवटी हात घालतात, माझ्या मते तो सर्वांत मोलाचा आहे. काही हल्ल्यांत एकही वावगी जोडणी होत नाही, एकही वावगा प्रोग्राम चालत नाही. चोरलेल्या खात्याने लॉगिन करून रिफंडची रक्कम बदलली तर वरच्या दोन थरांना सगळं सुरळीतच दिसतं. म्हणून नियम लिहा: एका ऑर्डरवरच्या सगळ्या रिफंडची बेरीज मिळालेल्या रकमेपेक्षा जास्त नसावी, 'पैसे मिळाले' ही अवस्था न येता ऑर्डर 'पाठवली' होऊ नये, स्टॉकमधली घट ही पाठवलेल्या आणि बाद केलेल्या नगांच्या बेरजेइतकीच असावी. असे दहा-बारा नियम सुरुवातीला पुरतात.

हे नियम बिघडतात ते वेळेमुळे. संदेश रांगेतून उशिरा येतात, 'पाठवली' आधी पोहोचतं आणि 'पैसे मिळाले' ४० सेकंदांनी, आणि नियम उगाच बोंब ठोकतो. उपाय दोन. तुलना घटना घडल्याच्या वेळेवर करा, ती हातात पडल्याच्या वेळेवर नको. आणि नियम मोडला असं ठरवण्याआधी ठरावीक वेळ थांबा. ती वेळ अंदाजाने घेऊ नका. हजारातले ९९९ संदेश किती वेळात येतात ते मोजा आणि त्याच्या दुप्पट धरा. रांग तुंबलेली असेल तेव्हा हा नियम 'मोडला' न म्हणता 'सांगता येत नाही' म्हणाला पाहिजे. ही तिसरी अवस्था अनेक जण ठेवतच नाहीत.

थोडं विषयांतर, कारण हा धागा पंप आणि झडपा चालवणारेही वाचतील. तिथे मॉडेल भौतिक नियमांचं असतं. टाकीचं क्षेत्रफळ २ चौरस मीटर, आत मिनिटाला ०.५ घनमीटर पाणी येतंय, ०.३ जातंय, तर पातळी मिनिटाला १० सेंटिमीटर वाढलीच पाहिजे. सेन्सर स्थिर आकडा दाखवत असेल तर सेन्सर तरी बिघडलाय किंवा कोणी तरी खोटं सांगतंय. एका वाचनावर भोंगा वाजवू नका. फरकातून नेहमीचा गोंगाट वजा करून उरलेलं साठवत जा, बेरीज शून्याखाली गेली तर शून्य धरा, आणि मर्यादा ओलांडली की इशारा द्या. यालाच क्युसम म्हणतात, आणि हळूहळू ढकलत नेणारा हल्लाही त्यात सापडतो. मात्र २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या औद्योगिक यंत्रांवर हल्ला करणाऱ्या प्रोग्रामने आधी टिपलेली नेहमीची वाचनं पुन्हा दाखवून देखरेख करणाऱ्यांना फसवलं होतं. अशा वेळी मॉडेलला वेगळ्या वाटेने आलेलं एक तरी मोजमाप लागतं, उदाहरणार्थ मोटरने ओढलेली वीज. तुमच्याकडे मोटर नाही, पण बँकेकडून येणारा दिवसअखेरचा हिशेब आहे. तुमच्या डेटाबेसमध्ये शिरलेल्या माणसाचा हात तिथे पोहोचत नाही. रोज ताळा घ्या.

मॉडेल आणायचं कुठून? 'दोन आठवडे निरीक्षण करून शिकू द्या' हा सल्ला सर्रास मिळतो. मी तो देत नाही, आणि त्याला दोन कारणं आहेत. हल्लेखोर आधीच आत असेल तर मॉडेल त्यालाही घरचाच समजायला शिकतं. आणि दुर्मिळ पण रास्त गोष्टी दोन आठवड्यांत दिसतच नाहीत. ९० दिवसांचं प्रमाणपत्र साधारण ६० दिवसांनी नवं होतं. महिनाअखेरचा अहवाल, डेटाबेसचं फेलओव्हर (मुख्य बंद पडल्यावर राखीवाने ताबा घेणं), बॅकअपमधून परत उभारणी हे सगळं निसटतं. आणि मग नेमकं फेलओव्हरच्या वेळी, म्हणजे सिस्टीम आधीच अडचणीत असताना, तिला हल्ला समजून तोडलं जातं. म्हणून रचना आणि नियम हाताने किंवा कॉन्फिगरेशनमधून लिहा. निरीक्षणातून फक्त आकडे घ्या: मर्यादा, उशीर, नेहमीची गर्दी.

मॉडेल कोडच्याच रिपॉझिटरीत ठेवा, त्याच पाइपलाइनमधून पाठवा आणि त्याची आवृत्ती बिल्डच्या क्रमांकाशी बांधा. नवी आवृत्ती टप्प्याटप्प्याने चढत असताना एकाच वेळी दोन आवृत्त्या चालू असतात, तेव्हा प्रत्येक कंटेनर त्याच्या स्वतःच्या मॉडेलशी तपासला गेला पाहिजे. हे नसेल तर प्रत्येक रिलीज हा हल्ला ठरतो, आणि महिन्याभरात कोणी तरी सगळे इशारे बंद करून टाकतं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. दिवसातून अनेक रिलीज आणि अनेक टीम असतील तर जोड्यांचा थर हाताने टिकणार नाही, तो कॉन्फिगरेशनमधूनच तयार करा. उलट, सगळं एकाच मोठ्या प्रोसेसमध्ये असेल तर पहिल्या थराला जवळजवळ काहीच दिसत नाही. मग भर तिसऱ्यावर.

आता खोट्या इशाऱ्यांचं गणित. समजा दिवसाला १० लाख घटना तपासल्या जातात आणि चुकीचं प्रमाण फक्त ०.१ टक्का आहे. म्हणजे रोज १,००० खोटे इशारे. खऱ्या हल्ल्याच्या घटना १० असतील आणि सगळ्या सापडल्या तरी १,०१० पैकी १० खरे, शंभरात एक. असा इशारा दुरुस्तीची कळ दाबू शकत नाही. म्हणून कळ दाबण्यासाठी दोन वेगळ्या थरांतले इशारे, त्याच कंटेनरवर, पाच मिनिटांच्या आत, अशी अट घाला. अपवाद फक्त ठाम विधानांचा: शून्य असायला हवं तिथे शेल उघडलं तर दुसऱ्या साक्षीची वाट पाहू नका.

तफावत दिसली तरी तिची कारणं तीन असू शकतात: मॉडेल जुनं झालंय, सिस्टीममध्ये साधा बिघाड आहे, किंवा हल्ला आहे. याच क्रमाने तपासा. गेल्या ३० मिनिटांत रिलीज किंवा कॉन्फिगरेशनचा बदल झालाय का? तीच तफावत एकाच प्रकारच्या सगळ्या कंटेनरमध्ये एकदम, बदलाच्या क्षणापासून आहे का? मग बहुधा मॉडेल मागे पडलंय. बिघाडात सहसा गोष्टी कमी होतात: उत्तरं थांबतात, जोडण्या तुटतात. कधीच नव्हती अशी नवी जोडणी किंवा नवा प्रोग्राम बिघाडातून क्वचितच उगवतो. हा ढोबळ नियम आहे, सिद्धांत नाही, पण खूप गाळ वेगळा काढतो.

आता सावरणं. समजा ऑर्डर सेवेच्या एका पॉडने (कुबरनेटीसमध्ये कंटेनर ज्यात चालतात त्या एककाने) शेल उघडलं आणि बाहेर जोडणीचा प्रयत्न केला. नुसतं रीस्टार्ट का पुरत नाही? भगदाड तसंच आहे. त्या पॉडच्या मेमरीतला डेटाबेसचा पासवर्ड आता दुसऱ्याकडे असू शकतो. त्याने डेटाबेसमध्ये लिहिलेलं तिथेच आहे. आणि पुरावा गेला. म्हणून पायऱ्यांचा क्रम ठरवून घ्यावा लागतो.

आधी तोडणं. कुबरनेटीसमध्ये नेटवर्क धोरणं बेरजेने लागू होतात. 'सगळं बंद' असं नवं धोरण लावलं तरी जुन्या धोरणाने दिलेली परवानगी उरतेच. म्हणून त्या पॉडवरची जुनी लेबलं, म्हणजे ज्यांवरून धोरणं त्याला लागू होतात त्या खुणा, काढावी लागतात. लेबल निघालं की कुबरनेटीसला एक पॉड कमी दिसतो आणि बदली पॉड आपोआप उभा राहतो, तेच भगदाड आणि तेच जुने पासवर्ड घेऊन. तात्पुरतं हे चालेल, पण योजनेत लिहून ठेवा की पासवर्ड बदलल्यावर हा बदली पॉडही पुन्हा सुरू करायचा. शिवाय काही नेटवर्क प्लगइनमध्ये आधीपासून उघड्या असलेल्या जोडण्या धोरण बदलल्यावरही चालू राहतात. तुमच्याकडे काय होतं ते करून बघा, आणि गरज असेल तर त्या वेगळ्या तोडा.

मग पुरावा: मेमरी आणि कंटेनरने लिहिलेल्या फाइली यांची प्रत घ्या. त्यानंतरच पॉड मारा.

तिसरी पायरी पासवर्ड आणि किल्ल्यांची, आणि इथे मॉडेल खरं कामाला येतं, कारण त्या भागाला काय काय वाचता येत होतं याची यादी त्यातच आहे. एरवी किल्ली बदलताना जुनी आणि नवी काही काळ सोबत चालवतात. हल्ल्यात ती सवलत नाही, जुनी तत्काळ रद्द. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये पासवर्ड बदलला तरी आधी लॉगिन झालेली सत्रं तुटत नाहीत, ती हाताने संपवावी लागतात. लॉगिन सेवेची टोकनवर (लॉगिन झाल्याच्या डिजिटल पासवर) सही करणारी किल्ली गेली असेल तर हल्लेखोर हवी तेवढी नवी टोकनं बनवू शकतो. जुनी किल्ली अमान्य करा, सगळ्या ग्राहकांना पुन्हा लॉगिन करावं लागेल, हे मान्य करा.

मग भगदाड. पॅच लगेच नसेल तर ज्या सुविधेतून आत शिरले तेवढी बंद ठेवा. 'कमी सुविधांची अवस्था' आधीच लिहिलेली हवी: ऑर्डर घेतल्या जातील, रिफंड थांबतील, पत्ता बदलता येणार नाही. ऐन वेळी हे ठरवायला बसलात तर तासभर जातो.

शेवटी डेटा. शेवटचा विश्वासार्ह क्षण कोणता? पुराव्याने वेगळं सिद्ध होईपर्यंत मी तो पॉड सुरू झाल्याचा क्षण धरतो, पहिल्या इशाऱ्याचा नाही, कारण इशारा उशिराच येतो. तेव्हापासून त्या पॉडने केलेली प्रत्येक नोंद संशयित. तिच्यावरून स्टॉकमध्ये झालेली घट संशयित, तिच्यावरून गेलेला रिफंडही संशयित. हा माग काढायचा तर प्रत्येक नोंदीसोबत कोणत्या पॉडने, कधी, कोणत्या विनंतीसाठी लिहिलं हे असायला हवं. आज नसेल तर बाकी काहीही करण्याआधी हे तीन रकाने जोडा. आणि संशयित नोंदी खोडू नका, रोखून ठेवा; चूक ठरली तर उलटी नोंद करून दुरुस्त करा. संपूर्ण डेटाबेस मागच्या बॅकअपवर नेणं म्हणजे त्या काळातल्या सगळ्या खऱ्या ग्राहकांच्या ऑर्डर फेकून देणं.

आता तुमच्या मूळ भीतीकडे. स्वयंचलित दुरुस्ती हे हल्लेखोराच्या हातातलं हत्यार होऊ शकतं. तुम्ही कशावर तोडता हे त्याला कळलं तर तो मुद्दाम तेच घडवून तुमच्याच हाताने सेवा बंद पाडेल. म्हणून कोटा ठेवा: ऑर्डरचे ६ पॉड असतील तर १० मिनिटांत आपोआप फक्त एक तोडायचा, आणि एका वेळी एकच स्वयंचलित कृती. पण सहाही पॉडमध्ये खरंच एकदम शिरकाव झाला तर हा कोटा हल्लेखोरालाच आत राहू देतो. तेव्हा पॉड तोडण्याऐवजी कमी सुविधांच्या अवस्थेत जा आणि माणसाला उठवा. परत फिरवता येणाऱ्या कृती मशिनला द्या: पॉड वेगळा करणं, वेग मर्यादित करणं, सुविधा थांबवणं. किल्ल्या बदलणं आणि डेटाला हात लावणं माणसाच्या होकारानंतर, पण तयार स्क्रिप्टने.

दुरुस्ती करणाऱ्या इंजिनचे अधिकारही अरुंद ठेवा. त्याला प्रशासकाचे सगळे अधिकार दिले तर सिस्टीममधलं सर्वांत मोठं लक्ष्य तुम्ही स्वतः उभं केलंत. 'वेगळा कर', 'बदल', 'थांबव' एवढ्याच विनंत्या करता आल्या पाहिजेत. निरीक्षणाची नोंद काही सेकंदांत कंटेनरबाहेर, जिथे फक्त भर घालता येते अशा ठिकाणी गेली पाहिजे. आणि निरीक्षकाकडून ठरावीक वेळी 'मी चालू आहे' असा ठोका आला नाही तर ती शांतता नव्हे, इशारा आहे.

मशिनला अधिकार कधी द्यायचे? आधी सगळं सावली अवस्थेत चालवा: 'आत्ता मी हे केलं असतं' एवढंच लिहायचं, करायचं काही नाही. एक महिनाअखेर, एक प्रमाणपत्र-नूतनीकरण आणि एक मुद्दाम केलेलं फेलओव्हर त्यातून जाऊ द्या. मग चाचणी पर्यावरणात स्वतः हल्ला करा: पॉडमध्ये शेल उघडा, बंद वाटेवर जोडणी करा, पैसे न मिळालेली ऑर्डर 'पाठवली' करा, निरीक्षक मारून टाका. प्रत्येकाला ओळखायला आणि सावरायला किती सेकंद लागले ते लिहून ठेवा. जी कृती सलग ३० दिवस सावलीत एकदाही चुकीची सुचवली गेली नाही आणि चाचणीत तीनदा बरोबर झाली, तेवढ्याच कृतीला अधिकार द्या. मॉडेलमध्ये मोठा बदल झाला की ती पुन्हा सावलीत. आणि या सगळ्याच्या आधी, अगदी पहिल्या दिवशी, सगळ्या स्वयंचलित कृती एका आज्ञेत बंद करणारा खटका बांधा. इंजिन अडकलेलं असतानाही तो चालतो का, हे इंजिन मुद्दाम अडकवून तपासा.